अंगठ्यातला दोरा

“ताई, वजनं उचलून पोरीले मिशा येतात का वो?”

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. तो उमेरा आणि पौर्णिमाचा होता. आम्ही तिघी रिसोडच्या एकाच शाळेत अकरावीला. सकाळची शाळा सुटली की आमच्या गावाकडची जीप भरेपर्यंत चौकात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर हसायचं, हा आमचा जोडधंदा. त्या चौकात टायरच्या दुकानावर एक जिम आहे. जुलैमध्ये तिच्या जिन्याशी नवा बोर्ड लागला : दुपारची वेळ फक्त महिलांसाठी.

“जाय, विचारून ये,” पौर्णिमा म्हणाली. “हाय का हिंमत?”

“इसकी? हिंमत?” उमेरा म्हणाली. “ये तो हजेरी में भी ‘यस मॅम’ ऐसा बोलती जैसे माफी माँग रही.”

खोटं नव्हतं ते. तेव्हाची मी म्हणजे वर्गात हात वर न करणारी पोरगी. उत्तर येत असायचं, पण हात वर केला की दंड हलतो आणि मागच्या बाकावरचे पोट्टे तोंडानं ‘धप्प’ असा आवाज काढतात. माझं नाव योगिनी आहे हे त्यांना हजेरीच्या वेळीच आठवायचं. एरवी मी ‘कट्टा’. सोयाबीन भरतात तो कट्टा.

मी जिना चढले. हिंमत आली म्हणून नाही, खाली उभं राहून त्या दोघींचं हसणं ऐकणं जास्त कठीण होतं म्हणून.

वर एक बुटकी, घट्ट वेणी घातलेली बाई फरशी पुसत होती. तीच वर्षाराणी ताई, वाशीमहून येऊन बायकांना शिकवणारी. मी दारातूनच डोळे मिटून प्रश्न फेकला. ती हसली नाही. फडकं ठेवून जवळ आली, ओठ माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “पाह्य बरं, हायेत का?”

मी खरंच पाहिलं. नव्हत्या.

“नाई,” मी म्हटलं.

“मंग हा रॉड उचल.”

मोकळा लोखंडी रॉड होता, जमिनीवर पडलेला. मी वाकले, उचलला, उभी राहिले. एवढंच. ताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता वजनकाट्यावर उभी करते.

“तू ताकदवान हाय हे तुले कोनी सांगतलं होतं का आधी?”

नव्हतं सांगितलं. माझ्या अंगाबद्दल आजवर शंभर जणांनी काहीबाही सांगितलं असेल, पण हे कोणीच नाही. खालून उमेरा ओरडत होती, “अरे जीप भर गई! मूछ आई क्या?” आणि मी तो रॉड खाली ठेवायलाच तयार नव्हते.

घरी परवानगी लगेच मिळाली. बाबांना वाटलं जिम म्हणजे पळायचं मशीन. “पयते त पयू दे बाप्पा,” ते आईला म्हणाले, “उतरीन थोडी चरबी. पुढं चालून बरंच हाय.” पुढं चालून म्हणजे काय ते मला कळलं होतं, पण मी गप्प बसले. परवानगी मिळत असताना कारणांवर वाद घालू नये.

मग जे दिवस आले ते मला अजून झोपेत दिसतात. स्क्वॉट, डेडलिफ्ट, डंबेल. पहिल्यांदा मी शाळेच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरले, म्हातारीसारखी. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, तिसऱ्यात रडू आलं, कारण काटा जागचा हलत नव्हता. ताई म्हणाली, “काट्याकडे पाहू नको, ड्रेसकडे पाह्य. अन् रोज येजो. मन असो का नसो, येजो. बाकी सगळं अंग पाहून घेते.” मी गेले. पोळ्याच्या सुमाराला युनिफॉर्मची कमीज बाजूनं शिवून घ्यावी लागली. आत घ्यावी लागली बरं का, बाहेर नाही! मी ती शिवण वर्गात उमेराला दहा वेळा दाखवली, तेव्हा कंटाळून तीही जिमला यायला लागली.

आणि एक दिवस मागून ‘धप्प’ झालं तेव्हा मी वळले आणि म्हटलं, “बेंच उचलून दाखवू का तुह्यासकट?” वर्ग हसला. या वेळी माझ्या बाजूनं.

मी एक ठरवलं होतं. माझ्या स्वतःच्या वजनाएवढं वजन जमिनीवरून उचलायचं. ज्या वजनाला सगळ्यांनी नावं ठेवली ते मी दोन हातांत धरून उभी राहणार होते. फार थोडं बाकी होतं. दिवाळीच्या आत होईल, असं ताई म्हणाली होती.

मग मी दोन चुका केल्या.

पहिली चूक सोयाबीनची. ताई म्हणाली होती, प्रोटीन खात जा, डाळी, अंडी, सोया. सोया! आमच्या अख्ख्या गावात सोयाबीनशिवाय दुसरं काही पिकत नाही म्हटलं तरी चालेल. घरात मागल्या वर्षीचे कट्टे पडून होते. पण आमच्याकडे सोयाबीन पेरतात, कापतात, मार्केटला नेतात. खात कोणी नाही. तेल पिशवीतून येतं आणि वड्या दुकानातून. त्यामुळे ते कसं खायचं हे विचारावं तरी कोणाला? मी हरभऱ्यासारखं रात्री भिजवलं आणि सकाळी मूठ मूठ कच्चंच खाल्लं. चव मातीसारखी होती, पण ताकदीसाठी खाल्लं.

दुसरी चूक शेखीची. त्याच दिवशी दुपारी आई अंगणात शेजारणींबरोबर डाळ निवडत बसली होती. मी म्हटलं, “आई, गंमत पाहतं का?” आणि कोपऱ्यातला सोयाबीनचा भरलेला कट्टा दोन्ही हातांनी धरून, पाठ सरळ ठेवून, उचलला. उभी राहिले. वर हसलेही.

कोणीच हसलं नाही. आईच्या हातातलं सूप तिरपं झालं.

“पोट्टी हाय का हमाल?” एक शेजारीण म्हणाली.

“जिममंदी हे शिकवतात?” आईनं विचारलं. “पयाचं मशीन नाई तिथं?”

संध्याकाळच्या आत माझं पोट असं धरलं, असं धरलं की मी ओसरीवर मुटकुळं करून पडले. आई डॉक्टरचं नावही न घेता थेट रामीबाईला घेऊन आली. रामीबाई म्हणजे आमच्या गावात बेंबी बसवणारी. जड उचललं की बेंबी जागची सरकते आणि पोट दुखतं, असं आमच्याकडे मानतात, आणि ती जागेवर आणायचा हात फक्त रामीबाईला आहे. स्वभावानं इतकी मायाळू की तिच्यावर रागावतासुद्धा येत नाही.

तिनं मला उताणं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि पायांचे अंगठे पाहिले.

“पाह्य वं माय, एक वर, एक खाली. सरकली.”

माझे अंगठे जन्मापासून तसेच आहेत हे सांगायला माझ्यात श्वास नव्हता. तिनं बेंबीवर कणकेच्या गोळ्यात इवलीशी पणती लावून ठेवली आणि वरून तांब्या पालथा घातला. पणती विझली, तांब्या पोटाला चिकटला, पोट आत ओढलं गेलं. मग तिनं तेल लावून चोळायला सुरुवात केली आणि मग जे व्हायचं ते झालं. सगळ्यांसमोर. मोठ्यानं. बराच वेळ.

पोट हलकं झालं. कळ गेली.

“बसली जागेवर,” रामीबाई म्हणाली.

“गॅस होता तो!” मी उठून बसत ओरडले. “मी कच्चं सोयाबीन खाल्लं होतं!”

“सोयाबीन कोन खाते वं?” रामीबाई इतक्या प्रेमानं हसली की सगळ्याच हसल्या. विषय तिथं संपला.

तिनं कनवटीतून काळा दोरा काढला आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला वेढे देऊन गाठ मारली. नियम असा : दोरा आपोआप तुटेपर्यंत जड उचलायचं नाही. आधी तोडला तर बेंबी पुन्हा सरकते आणि मग बसत नाही. पूर्वी हा दोरा सुती असायचा, चालून-धुऊन झिजायचा, पंधरा दिवसांत गळून पडायचा. पण सुती दोरा आता दुकानात चटकन मिळत नाही, म्हणून रामीबाई चपला शिवायचा नायलॉनचा आणते.

नायलॉन! मी तो दगडावर घासला. पाण्यात भिजवून ठेवला. अनवाणी फिरले. अंगठा सोलला, दोरा ढिम्म राहिला.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ‘नाही’ असं कोणीच म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर मी भांडले असते, आता मला भांडता येतं. बाबांना विचारलं की म्हणायचे, “तुह्या आईले विचार.” आई म्हणायची, “मी कुठं नाई म्हनते? दोरा तुटला का जाय.” रामीबाई म्हणायची, “तुटीन नं माय, त्याची येळ आली का तुटीन.” कोणाशी भांडू? दोऱ्याशी?

वर्षाराणी ताई एक दिवस स्कूटीवर आमच्या घरी आली. बाबांनी खुर्ची दिली, आईनं चहा ठेवला. ताईनं सगळं नीट सांगितलं. कच्च्या सोयाबीननं पोट कसं धरतं, मुलींनी वजन उचलल्यावर हाडं कशी मजबूत होतात, चरबी कशी उतरते. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो! तेवढ्यात आईनं बोलावलेली रामीबाई येऊन उंबऱ्याशी टेकली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि साधं विचारलं,

“बाई, तुमाले लेकरं किती?”

“माझं लग्न नाही झालं अजून.”

रामीबाई बशीत चहा ओतून फुंकत राहिली. बाबांची मान हलायची थांबली.

जाताना ताईनं स्कूटी सुरू केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “खंड पडला तरी अंग लवकर विसरत नाई. तू विसरू नको म्हंजे झालं.” मी मान हलवली. माझी मान बाबांवरच गेली आहे.

दोन दिवसांनी शाळेत उमेराचं तोंड पडलेलं.

“अम्मी ने बंद करवाया,” ती म्हणाली. “बोली, योगिनी की नाफ टल गई, तेरी भी टलेगी.” नाफ म्हणजे बेंबी. तिची अम्मी, मेहरबी चाची, बांगड्यांचं दुकान सांभाळते, त्या दुकानात आमच्या गावच्या बायका बसतात, म्हणजे बातमी पोचणारच होती.

“कैची लाऊँ?” उमेरानं विचारलं. “एक सेकंद का काम है.”

“कापलं तं आईले कयन,” मी म्हटलं. आई रोज संध्याकाळी माझा अंगठा पाहायची. देवाला हात जोडावेत तशी वाकून पाहायची.

घरी मला कशालाच हात लावू देत नव्हते. आमच्याकडे नळाला जोर नाही, अंगणातल्या टाक्यातून हंडे भरून आत आणावे लागतात. आधी ते काम माझं होतं, आणि जिमला जायला लागल्यापासून तर मी ते उड्या मारत करायची. आता आई आणायची. गुरांच्या ढेपेचं पोतं आई ओढायची. माझी आंघोळीची बादलीसुद्धा आई उचलायची, आणि मी मागून रिकाम्या हातानं, मग्गा घेऊन. अंगात ताकद होती आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. न्हाणीत लपून स्क्वॉट मारायला गेले तर बाहेरून हाक, “काय करून राह्यली वं आत?” कमीज पुन्हा घट्ट व्हायला लागली होती. वर्गात मागून परत ‘धप्प’ झालं आणि या वेळी मी मागे वळलेच नाही.

एक दिवस धुण्याच्या दगडाशी माझा बांध फुटला.

“तू उचलतं ते चालते! हंडे उचलतं, पोते उचलतं! तुही बेंबी नाई सरकत?”

आईनं पिळलेलं लुगडं बादलीत टाकलं. वर बघितलं नाही.

“सरकली होती,” ती म्हणाली. “तुह्याआधी. माह्याही अंगठ्यात दोरा होता. सुती. दोरा बांधला अन् दुसऱ्या दिशी वावरात थ्रेशर आलं. मानसं कमी होते. तुहे बाबा म्हने, आवं, जरासा हात लाव. मी लावला.”

“मंग?” मी विचारलं.

“पोटात होतं तवा. चौथा महिना. संध्याकायी गेलं.”

तिनं पुढचं कापड उचललं आणि साबण लावायला लागली. “म्हनून म्हनते, दोरा तुटू दे.”

माझ्याकडे ताईचं सगळं बोलणं होतं, हाडं, स्नायू, प्रोटीन. सगळं खरं होतं. पण ते त्या दगडापाशी घेऊन जायचं कसं? तिच्या समोर ते उभंच राहत नव्हतं. मी खाली बसले आणि कपडे पिळू लागले. तेही तिनं हातातून काढून घेतले.

त्या दिवसापासून मी दोरा घासणं सोडलं. विचारणंही सोडलं. जीप भरेपर्यंत चौकात उभी राहायची, पण वर जिमच्या खिडकीकडे बघायची नाही.

ऑक्टोबरात आमचं सोयाबीन निघालं. त्या शनिवारी मळणी उरकून ट्रॉलीनं कट्टे अंगणात आणून टाकले आणि मजूर लगेच दुसऱ्याच्या वावरात पळाले, कारण मेडशीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं होतं. कट्टे भिजले तर वर्षाची कमाई कुजणार. टिनाच्या छपराखाली घ्यायला हवे होते, आणि घरात बाबा, आई आणि मी.

बाबांनी पहिल्या कट्ट्याचं एक टोक धरलं. मग न बघताच हाक दिली,

“आवं, जरासा हात लाव.”

तेच शब्द होते. बाबांना आठवलंही नसेल. आईनं पदर खोचला आणि निघाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी ओसरीवर झाडू घेऊन उभी होते, जपून ठेवलेली, अंगठ्यात नायलॉन बांधलेली.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. उलट भीती वाटली, हे असंच होत राहणार. ती मला वाचवणार आणि मला वाचवायला माझ्या वाटचंही उचलणार, आणि बाबा हाक मारणार, आणि तिला वाचवायला कोणी नाही.

वळचणीचा विळा कधी काढला ते आठवत नाही. गाठीशी दोरा कापला तेव्हा आई किंचाळली.

“योगे! काय केलं वं हे!”

मी दोरा दातात धरला, आईला बाजूला केलं आणि कट्ट्याच्या तिच्या टोकाशी बसले. टाचा जमिनीत, पाठ सरळ, पोट घट्ट. महिनाभर न उचललेलं अंग, पण ताई खरं बोलली होती, ते विसरलं नव्हतं. कट्टा उचलला गेला. बाबांचं टोक आधी झुकलं, माझं नाही.

“दमानं वं,” बाबा म्हणाले. आई मागे मागे चालत होती, हात पुढे करून, जणू माझ्यातून काहीतरी खाली पडेल आणि तिला ते झेलायचं आहे. मी तिच्याकडे बघितलं असतं तर कट्टा सुटला असता.

शेवटचा कट्टा टिनाखाली टेकला तेव्हा थेंब पडायला लागले होते. आई तिथेच बसली आणि तोंडाला पदर लावला. बाबा खांबाला टेकून धापा टाकत होते. आई रडत होती, ते माझ्यामुळे. तिला खरंच वाटत होतं की माझं काहीतरी आत तुटलंय, आणि तसं नाही हे तिला पटवायचा एकही मार्ग माझ्याजवळ नव्हता. उद्याही नसेल.

मी दातातला दोरा काढला. वेढे देऊन बांधलेला, त्यामुळे लांबीला भरपूर होता. आईसमोर बसले, तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख फुटलेलं. तिनं पाय ओढून पाहिला, पण माझी पकड आता चांगली आहे. दोन वेढे दिले आणि गाठ मारली, रामीबाई मारते तशी.

“काय करून राह्यली?” बाबांनी विचारलं.

मी आईचा पाय न सोडता बोलले.

“बाबा, आई, दोघंही आयका. हा दोरा तुटेस्तोर आई ह्या घरात कट्टा उचलनार नाई, हंडा उचलनार नाई, अन् बाबा, तुमी तिले हात लाव म्हननार नाई. मले म्हनसान. तिच्या वाटचं मी उचलीन. उचलाची सवय राहावी म्हनून सोमवारपासून मी जिमले जाईन, अन् तुमाले पटो का न पटो, रोज जाईन. माह्यं पोट दुखलं तं रामीबाईले बलवा, पनती लावा, मी गुमान झोपीन. पन जिम सोडनार नाई. अन् आई, तू दोरा तुटाची वाट पाहू नको. नायलॉनचा हाय.”